माळवदावरची वाट

प्रिय गोदे,

धप्, घस्स. धप्, घस्स.

ओळखलास ना हा आवाज? लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मधल्या खणात उताणा पडून कवितेचं पुस्तक वाचत होतो आणि डोक्यावरून, माळवदाच्या मातीतून, हा आवाज सरकत गेला. एक पाय टेकायचा, दुसरा ओढत यायचा. छताच्या लाकडी किलचणांच्या फटींतून माती भुरभुरली ती थेट कवितेच्या ओळींवर. मी दचकून विचारलं, वर कोण आहे? तू निवडणाच्या सुपातून मान वर न काढता म्हणालीस, "शेजारच्या बूबू आहेत. माहेरी चालल्यात."

माहेरी! आमच्या छपरावरून? मला तेव्हा हसू आलं होतं. तू मुरुडात येऊन दोन महिने झाले नव्हते आणि ज्या घरात मी जन्मलो त्याच्या माथ्यावरून एक रस्ता जातो, हे तू मला सांगत होतीस.

आजवर तुला कागदावर लिहिलं ते "सौ. गोदावरीस अनेक आशीर्वाद" असंच. तू बाळंतपणाला नांदेडला गेलीस तेव्हाही तसंच. "प्रिय" लिहायची आयुष्यभर लाज वाटली. तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करण्यात माझा जन्म गेला. जे लिहिलं ते दुसऱ्याचं लिहिलं. आता लाजायला समोर कोणी नाही, म्हणून लिहितो.

आणि आजच लिहितो, कारण उद्या माधव नांदेडहून येतो आहे. घराला कोणतं छप्पर घालायचं ते मी त्याला उद्या सांगायचं आहे. या घरातला असा एकही निर्णय मी तुला विचारल्याशिवाय घेतला नाही. खरं सांगायचं तर एकही मी घेतला नाही. तू घ्यायचीस आणि मी "मंजूर" म्हणायचो. मग हाच एवढा का माझ्यावर टाकून गेलीस?

झालं असं की, मधल्या खणाची तुळई गेली. चैत्रात माधव आला होता, त्याने नागनाथ सुताराला वर चढवलं. नागनाथने खालून तुळईला छिन्नी लावली तर ताज्या भाकरीत बोट जावं तशी ती आत गेली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मालक, ही तुळई तुमच्याच वयाची हाय. तुमी तरी काठी घेता, हिला तेबी न्हाई."

मी हसलो. माधव हसला नाही.

नागनाथचं म्हणणं, पत्रा टाका. माती नको, गाढवं नकोत, दरसालची कटकट नको. लातुरात अडत्यांनी टाकलाय, स्टेशनाजवळच्या वखारींवर टाकलाय, लई चकाकतो. मी म्हटलं, अरे, उन्हाळ्यात त्याखाली माणूस शिजेल. तो म्हणाला, "मग दुपारी मारुतीच्या पारावर बसा की. घरात बसून तरी काय करून राहिलात?"

काय करून राहिलो, गोदे? त्याला काय सांगणार होतो?

पत्र्याआधी कौलांची गोष्ट निघाली. ती निघाल्यावर मी मान खाली घातली. आठवतं? आमच्या पंतोजींनी नगरकडून आणलेलं कवितेचं पुस्तक होतं. त्यातल्या प्रत्येक घराला तांबडी कौलं असायची, कौलांवर चांदणं सांडायचं, दारात नारळ डुलायचा. आम्ही पोरं तालावर ओरडून ते म्हणायचो आणि बाहेर बघायचो तर सगळं गाव मातीच्या रंगाचं, सपाट, टोपी उडालेल्या माणसासारखं. मला वाटायचं, कविता खऱ्या घरांत घडतात आणि आपण चुकीच्या छपराखाली जन्मलो.

म्हणून तर लग्नाच्याच वर्षी पहिली तरक्की मिळाली तेव्हा मी लातूरहून एक कौल घेऊन आलो. छोट्या रेल्वेत मांडीवर ठेवून आणलं, मूल आणावं तसं. म्हटलं, असं छप्पर करू. तू ते हातात फिरवलंस, नखाने टक् करून वाजवलंस आणि विचारलंस, "यावर कुरडया कुठं वाळवायच्या?"

मी चांदण्याबद्दल काहीतरी बोललो.

"चांदणं वाळवत नाहीत," तू म्हणालीस. आणि ते कौल पुढच्या दाराला अडणी म्हणून लावून टाकलंस. अजून तिथेच आहे. दार वाऱ्याने आपटत नाही, एवढं त्या कवितेचं काम.

शहाबादी फरशीचंही विचारून झालं. दिसायला देखणी, पण आपल्या भिंती मातीच्या. त्या एवढा दगड डोक्यावर घेणार नाहीत. म्हणजे शेवटी उरलं काय? पत्रा, नाहीतर पुन्हा माळवद. आणि माळवद म्हटलं की माधव गेल्या पावसाळ्याचं बोलतो. त्याच्यापुढे मला तोंड नाही.

तू हसशील म्हणून सांगतो. तू गेलीस संक्रांतीनंतर. ज्येष्ठात मला आठवण झाली की माळवदावर नवी पांढरी माती घालायची असते. पावसाच्या आधी तू दर वर्षी ती आणवायचीस, गढीच्या पांढरीची, खारी, जिच्यात काही उगवत नाही अशी. कुंभाराची गाढवं दारात आली की तू पदर खोचून बाहेर यायचीस आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवायचीस. खारट लागली तर उतरवा, नाही लागली तर परत न्या. कुंभार कुरकुरायचा, "वैनी, माती हाय, आमटी न्हाई." तू म्हणायचीस, आमटी बिघडली तर एक दिवस बिघडते.

मी मात्र गाढवं आली तेव्हा ओट्यावर बसून जुन्या कविता आठवत होतो. एक कडवं अडलं होतं. मी हातानेच खूण केली, वर टाका. कोणाच्या तरी शेताच्या बांधाची काळी माती होती ती. आषाढात माळवदावर हिरवळ उगवली! गवत, आघाडा, अंबाडी, आणि एका कोपऱ्यात ज्वारीची ताटं. गल्लीतून जाणारे थांबून विचारायचे, "नकलनवीससाहेब, वरच्या जमिनीचा पट्टा कुणाच्या नावानं?" मीही सांगायचो, तुमच्या वहिनीच्या.

मग काळी माती भेगाळली, मुळं खाली उतरली आणि तुझ्या बाजेवर पाणी गळायला लागलं. मी बाज सरकवली. पाणीही सरकलं.

आता जे सांगतो ते माधवला सांगितलेलं नाही.

श्रावणात, एका उघडिपीच्या दुपारी, मी आत पडलो होतो. वर तोच आवाज आला. धप्, घस्स. मी म्हटलं, बूबू लेकीकडे निघाल्या. तुला माहीतच आहे, त्यांचं माहेर दोन घरं पलीकडे, आणि पुढे लेकही त्याच घरात भाच्याला दिली. लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीत कधी उतरल्या नाहीत. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या जमादाराची बायको, पडद्यातली. त्यांचा रस्ता म्हणजे आपलं माळवद. पण त्या दिवशी पावलं पलीकडे गेली नाहीत. मधल्या खणावर थांबली. मग खर्र, खर्र असा आवाज. थोडा वेळ मला काही कळेना. मग साण्यातून, छताच्या उजेडाच्या भोकातून, एक मुळासकट उपटलेला आघाडा खाली पडला.

त्या आपल्या छपरावरचं गवत काढत होत्या, गोदे. खुरपं घेऊन. त्या पायाने, उकिडवं बसून.

मी उठून जिन्यापाशी गेलो. वर जाऊन काहीतरी बोलावं असं वाटलं. आणि नेहमीसारखं खाकरायला तोंड उघडलं. तू जाणतेसच, आपल्याकडे बाप्या माणसाने माळवदावर जायचं तर जिन्याखालून खाकरायचं, मग वरच्या बायकांनी पदर सावरून आपापल्या अंगाला व्हायचं. मी उभ्या आयुष्यात जितक्यांदा खाकरलो, तितक्यांदा वरच्या गप्पा थांबल्या. तुमचं हसू अर्ध्यात तुटल्याचं मला खालून ऐकू यायचं. वर जाऊन बघावं तर तू एकटी, कुरडया उलटवत असलेली, आणि तुमच्यामधल्या गुडघाभर भिंतीपलीकडे कोणी नाही. कधी विचारलं नाही, कशाला हसत होतात?

इतक्या वर्षांत मी बूबूंचा चेहरा पाहिलेला नाही. त्यांचा आवाजही नीट ऐकलेला नाही. पाय मात्र ओळखतो. कधी त्यांचा गुडघा धरला आहे, कधी त्या घाईत आहेत, कधी माहेरून रडून परतल्या आहेत, हे मला खालून कळायचं. आणि तुझं सांगू? त्यांच्याकडून तू खाली उतरलीस की तुझ्या तोंडाला वेलदोड्याचा वास यायचा. आपल्या घरात वेलदोडा दिवाळीला निघायचा. त्यांच्याकडचं काही खाल्लंस का म्हटलं तर माझ्या आईच्या सोवळ्यापायी तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून मी कधी विचारलं नाही. पण मला माहीत होतं, बरं का! तेवढं तरी मला सांगायचंस. मी कुणाला बोललो असतो?

तर त्या दिवशी मी जिन्याखाली उभा राहिलो आणि खाकरलो नाही. खाकरलो असतो तर त्या निघून गेल्या असत्या. नुसतं ऐकत राहिलो. पुढे ढग आले तेव्हा साण्यावरचा दगडही त्यांनीच ओढून लावला.

तेव्हापासून माझा दिवस त्या आवाजावर चालतो. सकाळ कशीही जाते. दुपारी साण्यातून उजेडाचं एक गोल चकदं जमिनीवर पडतं, तू म्हणायचीस ना, देवाने टाकलेला रुपया, तेच. मी त्याच्या शेजारी चटई टाकतो. पावलं येतात. साण्याजवळ, तू बसायचीस त्या जागी, थांबतात. चकदं काळं होतं. थोड्या वेळाने पुन्हा उजळतं, आणि पावलं पलीकडे जातात. त्या तिथे थांबून काय करतात? दुवा देतात? दम खातात? मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलंच बरं वाटतं. तू गेल्यावर भेटायला आलेली माणसं महिनाभरात थांबली, माधवही कामाचा माणूस. रोज येणारं असं हे एवढंच. तेही छपराच्या वरून.

आता तूच सांग, पत्रा घालू?

पत्रा उतरता असतो. दोन्ही बाजूंना भिंत उचलावी लागते. बूबूंचं घर एकीकडे, लेकीचं दुसरीकडे, आणि मध्ये आपलं चकाकणारं छप्पर. त्यावर त्या पायाने कोण चालणार? त्यांच्या पोराने सोबत केली तर आठ-पंधरा दिवसांनी बुरख्यात गल्लीतून नेणार, तेवढंच.

हे मी माधवला सांगायला गेलो. पुरतं सांगूही शकलो नाही. तो म्हणाला, "बाबा, दिवस कसे आलेत बघताय ना? माळवदाला माळवद लागलेलं. कोण कुठून घरात उतरेल सांगता येत नाही."

दिवस खरंच तसे आहेत. तू पाहिले नाहीस, सुटलीस. हिंदू-मुसलमान एकमेकांच्या दाराकडे बघत चालतात. चावडीवरची बैठक मोडली. कोणाच्या घरी काय जमवलंय याच्या कुजबुजी दोन्हीकडून येतात. माधव भितो तो उगाच भीत नाही. त्याचा बाप एकटा आहे, म्हातारा आहे, स्वप्नाळू आहे. गळक्या छपराखाली कविता पुटपुटत बसतो.

मी एवढंच म्हटलं, "माधवा, आजवर त्या छपरावरून या घरात काय काय उतरलंय, आठव."

गोवरात तो डोळे मिटून पडला होता तेव्हा तू आठवडाभर माळवदावर किंवा उंबऱ्याबाहेर गेली नव्हतीस. साण्यातून दोरीला बांधून कडुलिंबाचे डहाळे कोणी सोडले होते, ते त्याला माहीत आहे. पण तो म्हणाला, "मला सगळं आठवतं, बाबा. म्हणूनच वाईट वाटतं. पण तुळई आठवणीवर उभी राहत नाही."

बरोबर आहे त्याचं. तुझ्यावर गेलाय.

मग त्याने अट घातली. पत्रा घातला तर मी इथे राहायला मोकळा. माळवदच घालायचं असेल तर घाला, नवी तुळई तो आणून देईल. पण या पावसाळ्यात एक थेंब जरी आत आला, तरी घराला कुलूप आणि मी नांदेडला. गिरणीजवळच्या त्याच्या दोन खोल्यांत. सून चांगली आहे, नातवंडं आहेत, तुझी नदीही तिथेच आहे. तिथे मला वाईट वागवतील असं नाही. पण तिथल्या छपरावरून कोणी चालत नाही, गोदे.

आणि आता यातलं सगळ्यात अवघड. नागनाथ वर चढला, त्याने माती उकरली, मापं घेतली, मोठ्याने पत्र्याच्या गोष्टी केल्या. त्या दिवसापासून पावलं बंद झाली.

पहिल्या दिवशी वाटलं, गुडघा धरला असेल. मग वाटलं, लेकच इकडे आली असेल. ती येते-जाते तेव्हा टपटप येते, तसाही आवाज नाही. मी रोज चटई टाकतो. चकदं जमिनीवरून सरकत भिंतीवर चढतं आणि विझतं, मध्ये एकदाही काळं होत नाही. परवा मी स्वतःच वर गेलो. जिन्याखाली खाकरलो, सवयीने. वर कोणी नव्हतं. मधल्या भिंतीवर बूबूंच्या बाजूने काटेरी फांदी आडवी टाकलेली होती. शेळ्या येऊ नयेत म्हणून टाकतात तशी.

त्यांनी वाट सोडली होती. कुणी न सांगता. आपल्या घराचं छप्पर, आपली मर्जी. त्यांना काय बोलायचा अधिकार, असं वाटलं असेल. मला काठीने ती फांदी ढकलून द्यावीशी वाटली. पण त्यांच्या घराकडे तोंड करून उभं तरी कसं राहायचं? खाली आलो. त्या दिवशी भाकरी थापली नाही. कविता म्हणून बघितल्या, सगळ्या तोंडपाठ आहेत अजून, पण मोठ्याने म्हटल्यावर घरात माझाच आवाज फिरून माझ्याकडे येतो. तू चुलीपासून ओरडायचीस ना, "पुरे आता, दूध नासेल!" ते ऐकू यावं म्हणून मी मुद्दाम चुकीचं कडवं म्हणून पाहिलं.

तर गोदे, एवढं लिहिता लिहिताच माझं ठरलं. तुला विचारायला बसलो होतो आणि तुझं उत्तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच देऊन झालेलं होतं. चांदण्यावर तू तेव्हाच निकाल दिला होतास.

उद्या माधवला सांगतो, नवी तुळई आण. माळवदच घालू. पावसाने मला हरवलं तर कुलूप लावून नांदेडला जाईन, तोंड वाकडं करणार नाही. पण हरण्याआधी जे करायचं ते करीन. तुला वचन देतो: गाढवं दारात येतील तेव्हा मी ओट्यावरून उठेन. कडवं अडलेलं असलं तरी उठेन. प्रत्येक खेपेची माती जिभेवर ठेवीन, आणि खारट नसली तर परत पाठवीन, कुंभार काय वाटेल ते म्हणो. दर उन्हाळ्यात, हातपाय चालतील तोवर. साण्याजवळची तुझी जागा चोपून सपाट ठेवीन, म्हणजे कोणाचा पाय अडखळायला नको.

बूबूंना हे कसं कळवायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही. त्यांच्या पोराला सांगावं तर तो सध्या मान वर करून बघत नाही. आणि मी त्यांना एक शब्दही कधी...

ते तू असतीस तर तुझं काम होतं. आता माझं आहे. काहीतरी करीन.

तुझाच,
वामन

ता. क. कागदाची घडी घालत होतो, तेवढ्यात गल्लीत आवाज आला. भर दुपार आहे, बाहेर चिटपाखरू नाही. धप्, घस्स. आयुष्यभर वरून ऐकलेला आवाज आज पहिल्यांदा जमिनीवरून येतो आहे, म्हणून आधी माझा कानांवर विश्वास बसेना. ओट्यापाशी आला. पायरी चढला. दुसरा पाय वर ओढून घ्यायला वेळ लागला. आता दाराबाहेर थांबला आहे.

कडी वाजली नाही. हाकही नाही. बाहेर कोणीतरी खाकरलं, गोदे. बाईमाणूस. जिन्याखाली मी खाकरायचो, अगदी तसंच.

कौल बाजूला सारतो. दार उघडतो.